तिसरा दगड : जुने-नवे सिनेमे शेजारी ठेवून पाहताना



सिनेमाच्या समीक्षकांची एक पद्धत मला आवडते. नवा सिनेमा आला की ते त्याच्या शेजारी एखादा जुना सिनेमा आणून ठेवतात आणि दोन्हींवर मिळून बोलतात. 'फँड्री' आला की 'अंकुर' निघतो, 'आर्टिकल १५' आला की 'आक्रोश' निघतो, आंतरजातीय प्रेमाचा विषय आला की गाडी 'सुजाता' आणि 'अछूत कन्या'पर्यंत मागे जाते. सिनेमा असाच शिकायचा असतो. एकटा सिनेमा पाहिला तर तो खरा वाटतो, दोन शेजारी ठेवले की कळतं की कोणीतरी तो बनवलाय, काहीतरी निवडलंय, काहीतरी गाळलंय.

माझी हरकत एवढीच आहे की हा शेजार कोण ठरवतो? शेजारी फक्त सिनेमाच का ठेवायचा? त्याच साली रस्त्यावर काय चाललं होतं, ते का नाही ठेवायचं?

दोन वर्षांपूर्वी पुण्यात एका संस्थेत अशी चर्चा ठेवली होती. विषय 'भारतीय सिनेमातील जात : काल आणि आज' असा काहीसा. संस्थेचं नाव इथे महत्त्वाचं नाही, अशा चर्चा सगळीकडे सारख्याच होतात. आमच्या अभ्यासवर्गातली सहा-सात मुलं-मुली घेऊन मी गेले होते. मंचावर पाच खुर्च्या, पाचही आडनावं रस्त्याच्या एकाच बाजूची. विषय आमचा, खुर्च्या त्यांच्या, हे आता इतकं सवयीचं झालंय की आमच्या पोरांनी एकमेकांकडे बघून नुसतं हसून घेतलं.

बोलणारे अभ्यासू होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. एका समीक्षकाने 'अंकुर'चा शेवट सांगितला. १९७४ सालचा श्याम बेनेगलांचा सिनेमा. तेलंगणातलं गाव, जमीनदाराचा मुलगा सूर्या, त्याच्या घरी काम करणारी लक्ष्मी, तिचा मुका-बहिरा नवरा किष्टय्या. काम मागायला येणाऱ्या किष्टय्याला सूर्या भीतीपोटी चाबकाने फोडून काढतो, लक्ष्मी त्याला तोंडावर शिव्याशाप देते, आणि शेवटी एक लहान मुलगा सूर्याच्या खिडकीवर दगड भिरकावून पळतो. मग समीक्षक 'फँड्री'कडे आले. नागराज मंजुळेंचा सिनेमा, २०१४ साली महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. शेवटी जब्या दगड उचलतो आणि फेकतो, तो दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येतो. समीक्षक म्हणाले की मंजुळेंचा दगड म्हणजे बेनेगलांच्या दगडाला दिलेली मानवंदना आहे, परंपरा अशी पुढे जाते.

आमच्यातली बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, आता दगड मारायलापण ह्यांच्याकडूनच शिकलो का आपण?"

ती विनोद करत होती, पण मला त्यात अख्खा लेख दिसला.

कारण १९७४ साली आणखी एक दगड पडला होता. १० जानेवारी १९७४. वरळीच्या दंगलीनंतर मुंबईत दलित पँथरचा मोर्चा निघाला, त्या मोर्चावर इमारतीवरून दगड टाकला गेला आणि त्यात भागवत जाधव शहीद झाले. आपल्यापैकी अनेकांना हे नाव माहीत आहे, निदान असायला हवं. 'अंकुर' त्याच वर्षीचा. म्हणजे पडद्यावर एक अनामिक मुलगा जमीनदाराच्या काचेवर दगड मारत होता तेव्हा खऱ्या मुंबईत दगड वरून खाली येत होता, आपल्या माणसाच्या डोक्यावर.

बेनेगलांनी पँथरवर सिनेमा काढायला हवा होता, असं मी म्हणत नाही. त्यांची गोष्ट वेगळी, प्रदेश वेगळा. पण पन्नास वर्षांनी काल आणि आज यांवर बोलायला बसलेल्या पाच माणसांना पहिला दगड आठवतो, दुसरा आठवतो, आणि तिसरा एकालाही आठवत नाही, याचा अर्थ काय? त्यांच्या लेखी सिनेमाचा इतिहास म्हणजे सिनेमांचाच इतिहास. बेनेगलांकडून मंजुळेंकडे, एका दिग्दर्शकाकडून दुसऱ्याकडे. मध्ये चळवळ नावाची काही गोष्ट घडली, त्या चळवळीने शाळा दिली, वसतिगृह दिलं, बोलायची भाषा दिली, आणि म्हणून करमाळ्याच्या पोराच्या हातात कॅमेरा आला, हे त्या वंशावळीत कुठे बसतच नाही.

दोन दगडांतला फरकही मग नीट दिसत नाही. 'अंकुर'मध्ये दगड फुटतो तो सूर्याच्या खिडकीवर. प्रेक्षक त्या मुलाच्या बाजूने उभा असतो, मनातल्या मनात टाळी वाजवतो आणि मोकळा होऊन घरी जातो. 'फँड्री'त प्रेक्षकाला उभं राहायला ती सुरक्षित जागाच ठेवलेली नाही. डुक्कर पकडणाऱ्या घराकडे बघून फिदीफिदी हसणारं गाव आणि तिकीट काढून तेच बघणारे आपण, दोघेही दगडाच्या एकाच टप्प्यात. ही मानवंदना कशी? हा तर जाब आहे. आणि दगड उचलायच्या आधी ते कुटुंब मेलेलं डुक्कर बांबूला बांधून शाळेच्या ज्या भिंतीवरून जातं, त्या भिंतीवर बाबासाहेबांचं चित्र आहे, सावित्रीमाईचं आहे. मंजुळेंनी आपला संदर्भ भिंतीवर रंगवूनच ठेवलाय. वाचणाऱ्याने वाचावा.

त्या दिवसानंतर आम्ही आमच्या विहारात एक सोपी गोष्ट सुरू केली. महिन्यातून एका रविवारी वंदना झाली की पांढरी चादर बांधायची, मागून आणलेला प्रोजेक्टर लावायचा आणि एक जुना, एक नवा सिनेमा दाखवायचा. दोन्ही एकाच दिवशी जमत नाहीत, मग लागोपाठच्या दोन रविवारी. फळ्यावर सिनेमाचं साल लिहायचं आणि त्याच्या शेजारी त्या साली आपण काय करत होतो ते लिहायचं. एवढंच. पण हा फळा भरायला लागल्यावर जे दिसलं ते मी एम.ए.च्या दोन वर्षांत कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

'अछूत कन्या', १९३६. बॉम्बे टॉकीज, दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, देविका राणी आणि अशोक कुमार. रेल्वे फाटकावरच्या अस्पृश्य रखवालदाराची मुलगी कस्तुरी, ब्राह्मणाचा मुलगा प्रताप. लग्न होत नाही, आणि शेवटी कस्तुरी गाडीखाली मरते. सगळे तिच्याबद्दल हळहळतात. आता फळ्याची दुसरी बाजू. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने नाकारलेलं 'जातिसंस्थेचं उच्चाटन' हे भाषण बाबासाहेबांनी स्वतः छापून प्रसिद्ध केलं ते मे १९३६ मध्ये. ३१ मे १९३६ ला मुंबईतच महार परिषदेत धर्मांतराचं भाषण. एकाच शहरात, एकाच वर्षी, एकीकडे सांगितलं जात होतं की ही घरं सोडा, आणि पडद्यावर आमची मुलगी त्याच घराच्या दारात मरून पूज्य होत होती. त्या काळात हा सिनेमा धाडसी होता असं समीक्षक सांगतात. धाडसी असेलही. पण धाडसाची पट्टी त्या वर्षी मुंबईतच कुठवर गेली होती, ते आधी बघा ना.

'सुजाता', १९५९, बिमल रॉय. हा सिनेमा मला आजही आवडतो, नूतनचा चेहरा बघताना राग टिकत नाही. पोरक्या अस्पृश्य मुलीला ब्राह्मण कुटुंब वाढवतं, पण ती 'मुलगी' नसते, 'मुलीसारखी' असते. या 'सारखी'ने सिनेमा खूप काही सांगतो, हे कबूल. पण गाठ कशी सुटते? आई जिन्यावरून पडते, रक्त लागतं, आणि रक्त जुळतं ते फक्त सुजाताचं. रक्त दिल्यावर ती मुलगी होते. आमच्या विहारात या ठिकाणी धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी मोठ्याने म्हणाल्या, "बाई गं, म्हंजे रगत जुळलं नसतं तर?" सगळे हसले. पण त्या एका वाक्यात अख्ख्या सुधारणावादाची परीक्षा झाली. आपल्या माणुसकीचा पुरावा आपण बाटलीभर रक्त देऊन सिद्ध करायचा, आणि तो लागला तर लागला. फळ्यावर शेजारी लिहिलं होतं : १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. तीन वर्षांपूर्वी लाखो माणसांनी कुणाच्याही घरात 'सारखी' म्हणून राहायचं नाकारलं होतं. सिनेमात मात्र गांधीजींचा पुतळा आहे, पावसाचे थेंब त्यावरून आसवांसारखे ओघळतात. दीक्षाभूमीची सावलीसुद्धा कुठे नाही.

आणि मग ते सत्तर-ऐंशीचं दशक, ज्याला समांतर सिनेमाचा सुवर्णकाळ म्हणतात. इथे एक शब्द मला फार छळतो. 'संयत'. त्या चर्चेतही तो किती वेळा आला, पोरांनी मोजायला सुरुवात केली होती. 'अंकुर' संयत, 'आक्रोश' संयत, 'झुंड' मात्र भडक, लांबलेला, प्रचारकी. 'आक्रोश', १९८०, गोविंद निहलानी, लेखन विजय तेंडुलकर. लहान्या भिकू नावाचा आदिवासी, ओम पुरी, बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली पकडलेला, आणि सिनेमाभर तो बोलत नाही. शेवटी वडिलांच्या चितेपाशी बहिणीवर कुऱ्हाड चालवतो आणि ओरडतो. त्याच्या वतीने सिनेमाभर बोलतो कोण? वकील भास्कर कुलकर्णी. 'अंकुर'मधला किष्टय्या मुका. 'सद्गती' (१९८१), सत्यजित राय, दूरदर्शनसाठी केलेला : दुखी लाकूड फोडता फोडता मरतो आणि पंडित त्याचं प्रेत दोरीने ओढत नेतो. माझे वडील सांगतात, त्यांनी तो शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला आणि दोरी आली तेव्हा ते उठून बाहेर आले. शेजाऱ्यांनी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, गावाकडे बघितलंय हे, पुन्हा कशाला.

आता या मौनाच्या शेजारी आपली साल ठेवा. १९७२ : दलित पँथर, आणि त्याच वर्षी 'गोलपिठा'. २७ जुलै १९७८ : मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव, आणि त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्यांची राखरांगोळी, आणि त्यानंतर सोळा वर्षांचा लढा, लाँग मार्च, तुरुंग. स्वातंत्र्यानंतर हा समाज एवढ्या मोठ्याने क्वचितच बोलला असेल. कवितेत बोलत होता, आत्मकथनांत बोलत होता, रस्त्यावर घसा फोडून बोलत होता. आणि नेमक्या याच वर्षांत चांगल्या मनाच्या, पुरोगामी दिग्दर्शकांच्या पडद्यावर दलित-आदिवासी माणूस मुका होता!

कुणी म्हणेल, ते मौन प्रतीकात्मक आहे, व्यवस्थेने गप्प केलेल्या माणसाचं ते चित्र आहे. हा मुद्दा मी उडवून लावत नाही. 'आक्रोश' पाहताना अंगावर काटा येतो, माझ्याही येतो. पण सगळ्यांचीच प्रतीकं मुकी कशी निघाली? गप्प करण्याचे सगळे प्रयत्न उलथून जो समाज बोलत होता, तो एकाच्याही पडद्यावर का पोहोचला नाही? मला वाटतं, मुक्या माणसाबद्दल कणव वाटणं सोपं असतं. बोलणारा माणूस उलट प्रश्न विचारतो, आणि तेव्हा मंचावरच्या खुर्चीला धक्का बसतो. 'संयत' हा सौंदर्याचा निकष आहे, हे खरं, पण ज्याचं घर जळलेलं नाही त्यालाच तो फुकट मिळतो.

भास्कर कुलकर्णीची खुर्ची तर अजून रिकामी झालेली नाही. २०१९ च्या 'आर्टिकल १५' मध्ये तिच्यावर ब्राह्मण आयपीएस अधिकारी अयान रंजन येऊन बसला. मध्ये एकोणचाळीस वर्षं गेली. दलित मुलींच्या खुनाचा तपास, पण जातीची ओळख करून घेण्याचा प्रवास साहेबांचा. 'जय भीम' (२०२१) मध्ये वकील चंद्रू आहे, खऱ्या माणसावर बेतलेला आहे, सिनेमा ताकदीचा आहे, आणि तरीही नाव आपल्या घोषणेचं असताना केंद्रस्थानी कोण आहे, हा प्रश्न आपण विचारायला हवा. सेंगेनी त्यात पाय रोवून उभी राहते, म्हणून मी त्याला पहिल्या सिनेमाच्या रांगेत बसवणार नाही. पण आपल्या नावाचा जयजयकार झाला म्हणून पट्टी बाजूला ठेवायची नसते.

आणि 'सैराट'चं काय झालं ते तर आपल्या डोळ्यांसमोर घडलं. २०१६ चा सिनेमा, २०१८ मध्ये 'धडक'. दोन वर्षांत जात जवळजवळ गायब, गाव जाऊन उदयपूरचे वाडे आले. 'सैराट'च्या शेवटी आर्ची-परशा दोघेही मेलेले आणि रक्ताचे पाय उमटवत चाललेलं मूल, आवाज बंद. 'धडक'मध्ये मुलगा आणि मूल मरतात, मुलगी उरते. कुणाचा जीव गेला तर प्रेक्षक जास्त रडेल, याचा हिशोब बदलला. हे दोन सिनेमे शेजारी ठेवायला समीक्षक लागत नाही, आमच्या वस्तीतल्या नववीच्या पोरांनी ते एका संध्याकाळी केलं.

आता थोडं आपल्याच मुलांशी भांडते. आपल्यात काही कार्यकर्ते म्हणतात, हे जुने बामणी सिनेमे बघायचेच कशाला? आता नागराज आहे, पा. रंजित आहे, मारी सेल्वराज आहे, तेवढं पुरे. मला हे पटत नाही. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली ती न वाचता जाळली नाही. 'शूद्र पूर्वी कोण होते' लिहायला त्यांनी ज्यांच्याशी भांडण होतं त्यांचेच ग्रंथ ओळ न् ओळ चाळले. 'सुजाता' न पाहता 'फँड्री' पाहिला तर शालूच्या प्रेमात पडलेला एक गरीब मुलगा दिसेल फक्त. 'आक्रोश'मधला मुका लहान्या माहीत असेल तरच रंजितच्या 'कबाली'त (२०१६) नायक तुरुंगात बसून 'माय फादर बालय्या' हे दलित कुटुंबाचं आत्मकथन वाचत असतो, त्या एका क्षणाची किंमत कळते. ज्याला पडद्याने चार दशकं तोंड दिलं नव्हतं, त्याच्या हातात पुस्तक आलंय, आणि तेही आपलं पुस्तक.

दुसरं, दिग्दर्शकाची जात बघून निकाल देण्याची घाई नको. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (२०१४) घ्या. त्यात शाहीर नारायण कांबळेची भूमिका कुणी केली? नागपूरच्या वीरा साथीदारांनी, जे स्वतः चळवळीचे कार्यकर्ते होते, कोरोनात आपण त्यांना गमावलं. संगीत संभाजी भगतांचं. म्हणजे चळवळ तिथे संदर्भ म्हणून आली नाही, स्वतःच्या देहाने आणि आवाजाने आली. सिनेमा संयतच आहे, कॅमेरा लांब उभा राहून शांतपणे बघतो, पण त्यातला आमचा माणूस मुका नाही. त्याच्या गाण्यावरच तर खटला आहे. संयतपणाशी माझं भांडण नाही, हे यावरून कळावं.

'झुंड' लांबलेला आहे, हे त्या दिवशी मंचावरून तिघांनी सांगितलं. जवळजवळ तीन तास आहे, मान्य. पण त्यातला जयंतीचा प्रसंग अनावश्यक आहे असं जेव्हा एकाने म्हटलं तेव्हा मी हात वर केला. मी विचारलं, सर, हिंदी सिनेमात गणपतीचं गाणं किती वेळा अनावश्यक वाटलं तुम्हाला? अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभा राहतो, हे दृश्य हिंदी पडद्यावर यायला २०२२ साल उजाडलं, त्याला पाच मिनिटं जास्त लागली तर लागू द्या की. उत्तर आलं, की आपण भावनिक होऊ नये, सिनेमाच्या भाषेत बोलू या. वेळ संपली होती.

लांबीचंच म्हणाल तर आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) तीन तासांहून मोठा आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा जण गेले, त्यानंतर शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला. तिथून चौदा वर्षं तो सिनेमा होत राहिला. आमच्या विहारात तो लावला तेव्हा चादर वाऱ्याने दोनदा सुटली, लहान पोरं झोपली, पण मोठ्यांपैकी कोणी उठलं नाही. त्यात गाणी आहेत, म्हणून. आणि ते बघताना मला जाणवलं की आपण सिनेमात आपलं 'अभिजात' शोधत बसलोय, पण सिनेमाला भांडवल लागत होतं, ते आपल्याकडे नव्हतं. आपलं अभिजात तेव्हा डफावर होतं. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादांची गाणी, गावोगाव रात्रभर चालणारी. ज्या वर्षी देविका राणी गाडीखाली मरत होती त्या काळात आपली माणसं कंदिलाच्या उजेडात स्वतःची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगत होती, आणि त्याची रीळ कुठल्या संग्रहात नाही. म्हणून 'काल आणि आज' म्हणताना 'काल'च्या रकान्यात फक्त सिनेमे लिहिले तर आपण आपल्याच हाताने आपला काल मुका करतो.

पुढच्या दोन रविवारी 'सद्गती' आणि 'परियेरुम पेरुमाल' लावायचं ठरलंय. वडिलांना विचारलं, येणार का? म्हणाले, येईन, पण 'सद्गती' अर्धाच बघेन, दुसरा पूर्ण. आमच्या त्या मुलीने फळ्यावर १९८१ लिहून ठेवलंय आणि शेजारची जागा कोरी ठेवलीय. म्हणते, आजोबाच सांगतील तेव्हा ते काय करत होते, तेच लिहू.

सतरंजी कमी पडते आहे. येताना घरची घेऊन या.